साबणदाणीतली पानं

अप्पा गेले त्याला चौदा महिने झाले, तेव्हा कुठे आईनं मागची खोली आवरायला परवानगी दिली. रविवार होता. तिच्या मुलानं, लिफ्टवाल्यानं, बाह्या सरसावल्या, खिडकी उघडली आणि कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात हात घातला, तर जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड हाताला लागलं. चादर सोडली आणि तो तिथेच फरशीवर बसला.

आत अप्पांचा कॉम्प्युटर होता. टीव्हीला जोडायचा तो जुना, कीबोर्डच्या पोटातच सगळा मेंदू असलेला, रंग चहात बुडवून काढल्यासारखा. लिफ्टवाला शाळेत असताना अप्पांनी तो कुठूनतरी आणला आणि तेव्हापासून अप्पा घराला दिसेनासेच झाले. टेलिफोन एक्स्चेंजमधून आले की मागच्या खोलीत, दार लोटून. पोरगा बाहेर, बाप आत. एखाद्या सावत्र भावाचा यावा तसा त्याला त्या यंत्राचा राग यायचा.

आज मात्र राग आला नाही, कारण डोकंच चालेना.

"आई," त्यानं हाक मारली, "हा कॉम्प्युटर अप्पांनी कुणालातरी देऊन टाकला होता ना?"

आई दारात आली. ऐंशी वर्षांची बाई, पण पाठ अजून ताठ. तिनं चादरीकडे पाहिलं. "टाकला होता. तुझं लग्न झालं त्या वर्षी. ऑफिसातल्या कुणालातरी दिला म्हणाले."

"म्हणजे सव्वीस वर्षं झाली. मग हा इथे कसा?"

"मला काय विचारतोस? मी काय तो उचलून आणला?"

यंत्राच्या मागून पाच तारांची एक केबल लोंबत होती. तिचं दुसरं टोक पक्कडीनं साफ कापलेलं, तारांची टोकं सोललेली, जणू माणूस पाणी प्यायला उठला आणि परत आलाच नाही. शेजारी एका पिशवीत सात साबणदाण्या. प्रवासात नेतात तसल्या प्लास्टिकच्या, झाकणाच्या. प्रत्येकीच्या एका बाजूला चीर पाडून त्यातून तांब्याच्या पट्ट्या बाहेर काढलेल्या. म्हणजे ही यंत्रात खुपसायची कार्ट्रिजं होती, अप्पांनी घरी केलेली. नाव-गाव कशावरच नाही. फक्त कडेला करवतीनं पाडलेल्या खाचा. पहिलीला एक, दुसरीला दोन, असं करत सातवीला सात.

"लेबल चिकटवायला काय झालं होतं?" तो स्वतःशीच म्हणाला. अप्पांचं अक्षर मोत्यासारखं होतं. घरात मिठाच्या बरणीवरही ते 'मीठ' लिहून ठेवत.

त्याला सगळे लिफ्टवाला म्हणत, कारण तीस वर्षं तो लिफ्टच दुरुस्त करत होता. लिफ्टची गाडी अडकली म्हटलं की त्याला जेवण गोड लागत नसे. हेही तसंच झालं. वीज देणाऱ्या डब्यातले दोन फुगलेले कपॅसिटर त्यानं बदलले, मीटर लावून व्होल्ट पाहिले, आणि पुढच्या रविवारी एक खाचेची साबणदाणी खुपसून बटण दाबलं. टीव्हीवर निळा पडदा आला. त्यावर इंग्रजीत एकच ओळ: 'पुढची ओळ?' त्यानं कळ दाबली. एक आकडा उमटला. पुन्हा दाबली, दोन. असं एकशे चाळीसपर्यंत गेलं आणि थांबलं. बस्स. दुसरी साबणदाणी लावली, तेच. सातही साबणदाण्यांची एकच रड.

"छान आहे," बायको म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असे आणि दिवसभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरची अगम्य अक्षरं लावून थकलेली असे. "तुमच्या वडिलांनी एकशे चाळीसपर्यंत मोजणारं यंत्र केलं. पाढे नाही का येत त्याला?"

तो कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याकडे गेला. रेडिओवाला त्याचा शाळेपासूनचा दोस्त. लिफ्टवाल्यानं साबणदाणी उघडून आतली चिप दाखवली. तिच्या पाठीवर काळी चिकटपट्टी होती. काय आहे म्हणून लिफ्टवाल्यानं ती नखानं उचलली, तर खाली काचेची इवलीशी खिडकी.

"झाक! झाक आधी!" रेडिओवाला ओरडला. "त्या खिडकीतून ऊन गेलं की आतलं सगळं हळूहळू पुसलं जातं. तुझ्या बापानं इतकी वर्षं झाकून ठेवलं आणि तू निघालास उजेड पाडायला!"

मग त्यानं केबल पाहिली. "ही सीरियलची. म्हणजे आतून अक्षरं एकामागून एक, रांगेनं बाहेर पडतात. पडद्यावर काही दिसणार नाही. जे काय आहे ते ह्या तारेतून जातं. दुसऱ्या टोकाला ऐकणारं कुणीतरी हवं."

"कोण?"

"ते तुझ्या बापाला विचारायला हवं होतं."

ऐकणारं कुणी नव्हतं, म्हणून लिफ्टवाल्यानं लॅपटॉपलाच ऐकायला बसवायचं ठरवलं. त्यासाठी मध्ये एक अडॅप्टर लागणार होता, दुभाष्यासारखा, कारण त्या जुन्या यंत्राचे व्होल्ट वेगळे आणि नव्याचे वेगळे. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यानं सोल्डरिंगची सळई तापवली. पहिल्या अडॅप्टरनं चकार शब्द काढला नाही. दोन दिवसांनी लक्षात आलं, आपण तोंडाला तोंड आणि कानाला कान जोडलाय. दोन्ही यंत्रं बोलतायत, ऐकत कुणीच नाही.

"आपल्या घरासारखंच," बायको म्हणाली.

तारा अदलाबदल केल्या. आता अक्षरं आली, पण कसली! इंग्रजी यू, यू, यू, मग तीनचा आकडा, मग एक फुली, चौकोन, उलटं प्रश्नचिन्ह. त्यानं वेग बदलून पाहिला, कमी केला, दुप्पट केला. दुसरा अडॅप्टर केला, त्यात सरळ दुभाष्याचं काम करणारी चिप आणि चार छोटे कपॅसिटर घातले. तरीही यू, यू, तीन, फुली.

मग त्यानं कार्ट्रिज काढलं आणि जुन्या यंत्राच्या कळा बडवून स्वतःच दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहिला: 'ए' हे अक्षर चाळीस वेळा पाठव. लॅपटॉपवर चाळीस 'ए' आले, एकही कमी नाही, एकही वाकडा नाही.

म्हणजे अडॅप्टर बरोबर होता. तार बरोबर होती. मग चुकत काय होतं? लिफ्टमध्ये असं कधी होत नाही. सगळं ठीक असेल तर गाडी हलते, हलली नाही तर काहीतरी बिघडलेलं असतं. इथे सगळं ठीक होतं आणि जे येत होतं त्याला शेंडा ना बुडखा. अप्पा इतकी वर्षं दार लोटून हा कचरा जमवत होते? त्याला एकदम भीती वाटली की शेवटी शेवटी अप्पांचं डोकं फिरलं होतं आणि घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आणि केबलमधली पाचवी तार. तिचं काय काम ते त्याला कळेना. चार तारांत सगळं भागत होतं.

हे सगळं छापून तो पुन्हा रेडिओवाल्याकडे गेला. रेडिओवाल्यानं चष्मा कपाळावर चढवला. "अक्षरं मोजलीस?"

"प्रत्येक ओळीत पंचवीस. कुठलंही कार्ट्रिज लाव, पंचवीसच."

"मग ही अक्षरं नाहीत रे. अक्षराच्या पोटात आठ बटणं असतात, चालू किंवा बंद. तू अक्षर वाचू नकोस, बटणं बघ. चालू असेल तिथे काळा चौकोन, बंद तिथे पांढरा."

पंचवीस आठे दोनशे. लिफ्टवाल्यानं आलेखाचे कागद एकाला एक चिकटवले आणि पेन्सिल घेऊन बसला. पंधराव्या ओळीपर्यंत काहीच नाही, नुसत्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. मग एक टोक वर आलं. मग ते रुंदावलं. तीन संध्याकाळी घालवल्यावर टेबलभर पानं पसरली, लांबट, मधोमध शीर असलेली, एकाआड एक झुकलेली. तो बघतच राहिला. त्याचा बाप चित्रं काढत होता? तारेतून? कुणासाठी?

आई पाण्याचा तांब्या घेऊन चालली होती. ती टेबलाशी थांबली. चष्मा लावला. बराच वेळ वाकून पाहिलं आणि बोट ठेवलं. "ह्या पानाचा देठ उलटा आहे."

"काय?"

"हे कुठून आणलंस?"

"अप्पांच्या साबणदाणीतून."

आईनं तांब्या टेबलावर ठेवला. "विणकामाचं यंत्र आपल्या घरात कधीच नव्हतं," ती म्हणाली आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

लिफ्टवाल्यानं बायकोकडे पाहिलं. "मी विणकामाचं नाव तरी काढलं का?"

"नाही," बायको हळू आवाजात म्हणाली. "पण दोनशे म्हणजे दोनशे सुया. आपल्या घरात यंत्र नव्हतं. कुणाच्या घरात होतं?"

ते त्यालाही ठाऊक होतं. मावशीच्या.

आई आणि मावशी तीस वर्षं बोलत नव्हत्या. आजोबांच्या शेवटच्या दुखण्यात ऑपरेशन करायचं की नाही यावरून दोघींचं वाजलं. आई नको म्हणत होती, मावशीनं कागदावर सही केली, आणि आजोबा टेबलावरून उठलेच नाहीत. "तू घालवलंस त्यांना," असं आई भर वॉर्डात म्हणाली. त्यानंतर मावशीचं नावही घरात निघालं नाही. ती राहायची मात्र चार थांब्यांवर.

तो गुरुवारी दुपारी तिच्या दारात उभा राहिला. सोबत आलेखाच्या कागदाची गुंडाळी होती. दार उघडणारी बाई त्याच्याकडे न पाहता त्याच्या कानाच्या बाजूला पाहत होती.

"कोण?"

"मावशी, मी."

"ढब्या? आवाज किती जाड झाला रे तुझा."

तिची नजर मधोमध गेली होती, कडेकडेनं थोडं दिसायचं. हे सुरू झालं त्यालाही सत्तावीस वर्षं झाली, ती म्हणाली. नवरा नव्हता, मूल नव्हतं, विणायचं हेच काय ते काम, आणि नमुन्याच्या कागदावरचे चौकोन दिसेनासे झाले. "भावोजींना कुठून कळलं कोण जाणे. एका गुरुवारी आले, टेलिफोन तपासायला आलोय म्हणाले. टेलिफोनला काही झालं नव्हतं. यंत्राभोवती तासभर फिरले आणि पुढच्या वर्षी तो कॉम्प्युटर घेऊन आले."

खोलीत खिडकीशी लांबलचक विणयंत्र होतं, चादरीखाली. लिफ्टवाल्यानं चादर काढली. दोनशे सुयांची रांग, आणि मागे लाकडी पेटीत अप्पांनी बसवलेले छोटे लोहचुंबक, जे कोणती सुई पुढे करायची ते ठरवत. पेटीतून केबलचा दुसरा तुकडा बाहेर आलेला, जोडाचे दात, म्हणजे पिना, हिरवे पडून गंजलेले. सुयांवरून इकडून तिकडे सरकणारा गाडा जिथे टोकाला जाई तिथे एक बारकी कळ. ती पाहताच त्याला हसू आलं. लिफ्टच्या शेवटच्या मजल्यावर अगदी अशीच कळ असते. पाचवी तार हिच्यासाठी होती. गाडा टोकाला पोचला की कळ दाबली जाई आणि कॉम्प्युटर पुढची ओळ पाठवी.

"आणि त्या खाचा?"

"मग काय लेबलं वाचणार होते मी?" मावशीनं हवेत बोटं फिरवली. "एक खाच म्हणजे पानं. दोन म्हणजे लाटा. अंधारातही सांगते."

गेल्या वर्षी जोड खराब झाला तेव्हा अप्पा दुरुस्तीला कॉम्प्युटर आणि साबणदाण्या घरी घेऊन गेले. पुढच्या गुरुवारी आणतो म्हणाले.

"तीन गुरुवार आले नाहीत. मग मी पेन्शनवाल्यांच्या ऑफिसात फोन केला. त्यांनी सांगितलं." ती थांबली. "तुमच्या घरी दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा ताईनं उचलला. मी ठेवून दिला."

पोरासाठी ज्या माणसाला वेळ नव्हता, तो माणूस दर गुरुवारी इथे बसून चहा पीत होता. त्याला अप्पांचा अभिमान वाटला, मग लगेच राग आला, मग रागाची लाज वाटली. कुठल्याच भावनेवर गाडी थांबेना.

"नमुने अप्पाच काढायचे?" त्यानं विचारलं.

"हो तर. हात सुरेख होता त्यांचा."

घरी आल्यावर त्यानं आईला सगळं सांगून टाकलं. लपवालपवी एका पिढीत पुरे झाली असं त्याला वाटलं. शेवटी आई म्हणाली, "हात सुरेख होता म्हणे! त्यांना सरळ रेघ मारता येत नव्हती. ती पानं मी काढलीत."

"तू?"

"पानं, लाटा, पक्षी, सगळं. मला म्हणाले, ऑफिसच्या सूचनाफलकाला किनार हवी. चौकोनी कागदावर काढून दे."

"इतकी वर्षं सूचनाफलकाला किनार?"

"मला काय माहीत ऑफिसात किती भिंती असतात!"

तो हसला, पण ती हसली नव्हती म्हणून मध्येच थांबला. ती तिच्या हातांकडे पाहत होती. "त्या दिवशी टेबलावर काळे-पांढरे चौकोन पाहिले तेव्हाच तिच्या यंत्राचे नमुने आठवले. म्हणजे माझीच पानं तिनं विणली. आणि मी इथे तिचं नाव काढत नव्हते. त्यांनी मला फसवलं का रे?"

"माहीत नाही, आई."

"तुला काहीच कसं माहीत नसतं?"

पुढे आठवडाभर त्यानं विणयंत्राचा अडॅप्टर केला, उघडपणे, जेवणाच्या टेबलावर. आई येता-जाता पाही. शनिवारी सकाळी तो पिशवी भरून निघाला, तर ती चपला घालून बाहेरच्या खोलीत बसलेली.

"मला घेऊन चल."

"कशाला?"

"ते मला ठाऊक असतं तर तुला सांगितलं नसतं का?"

मावशीनं दार उघडलं आणि पुन्हा कानाच्या बाजूला पाहिलं. "ढब्या, सोबत कोण आहे? बायको का?"

"मी आहे," आई म्हणाली.

लिफ्टवाल्याला वाटलं, आता दार लागणार. मग मावशी बाजूला झाली. "आत ये. उंबऱ्याशी पायरी आहे, बघून."

त्यानं मान खाली घालून जोडाजोड केली, कारण वर बघायची हिंमत नव्हती. पाच तारा, पाच दात. एक खाचेची साबणदाणी. मावशी यंत्राशी बसली, गाडा ओढला. टोकाला कळ वाजली, लोहचुंबक टकटकले, सुया पुढे आल्या. वीसेक ओळींनंतर पानाचं टोक खाली उतरलं. मावशी त्यावरून बोटं फिरवत होती, आई तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होती, आणि दोघींच्या मध्ये वीतभर अंतर होतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. एका इमारतीत तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामध्ये लिफ्ट अडकली होती, आत दोन माणसं. त्यानं आईकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं.

"जा," दोघी एकदमच म्हणाल्या आणि दोघींनाही ते आवडलं नाही.

माणसं बाहेर काढून तो दीड तासानं परतला, तर मावशीच्या दाराला कुलूप. त्यानं बेल वाजवली, कुलूप दिसत असूनही. शेजारची बाई डोकावली. "दोघी गेल्या. जिना उतरताना जोरजोरात भांडत होत्या हो. मी म्हटलं, पडतील."

"कुठे गेल्या?"

"ते नाही सांगितलं."

त्यानं तासभर आसपासचे रस्ते पाहिले, बसथांबा पाहिला, आणि घामाघूम होऊन घरी आला. आई नेहमीच्या खुर्चीत बसून पाय चोळत होती.

"अगं, होतीस कुठे?"

"लोकरीच्या दुकानात. तिला निळी आणि काळी कळत नाही आता, दुकानदार हातात येईल ती देतो. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. मग तिला घरी सोडलं आणि बसनं आले."

"आणि भांडत होतात त्या कशावरून?"

"कधी?"

"जिन्यात. आणि त्याआधी तीस वर्षं." तो तिच्यासमोर स्टुलावर बसला. "आई, मिटलं का तुमचं? एकदा मला नीट सांग."

आईनं विचार केला, खरोखरच केला. कपाळाला आठ्या पडल्या. "ते आहे तसंच आहे," ती म्हणाली. "सही तिनं केलीच. ते कुठे जातंय?" मग पाय खाली सोडून तिनं विचारलं, "मंगळवारी सकाळी रिकामा आहेस? नसशील तर बसनं जाईन."

मंगळवारी त्याची तीन इमारतींत तपासणी होती.

"आहे," तो म्हणाला.